रस्त्याकडेची नारिंगी नळी आणि आपलं नेट



गेल्या काही वर्षांत रस्त्याच्या कडेला नारिंगी रंगाच्या प्लॅस्टिक नळीची मोठमोठी भेंडोळी पडलेली तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असतील. मग एक दिवस जेसीबी आला, चर खणला, नळी आत गेली, माती ओढली आणि माणसं निघून गेली. काही गावांत त्यानंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पेटी बसली आणि नेट सुरू झालं. काही गावांत पेटी बसली, पण तिचा दिवा काही लागला नाही. मासिक बैठकीत यावर नेहमी प्रश्न येतात. ही नळी कसली? यातून नेट येतं म्हणतात, मग टॉवरचं नेट वेगळं का? आणि एवढं खणून झालं तरी आपल्या बीसी सखीच्या मोबाईलवर ते गोल चाक फिरतच का राहतं?

गटाचं कर्जप्रकरण, ग्रामसंघाचे हिशेब, रोजगार हमीची मजुरी, पेन्शन, पोरांचे दाखले, सगळं आता ऑनलाइन आहे. नेट गेलं की म्हातारीला तालुक्याला जाऊन यायचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी, दोन्ही बुडतं. म्हणून ही नळी काय आहे, ती कुठून येते आणि कुठे तुटते, हे आपल्याला समजायला हवं. समजलं की विचारता येतं.

नळीच्या आत काय असतं

नारिंगी नळी हे फक्त कवच. तिच्या आत काळी केबल असते आणि त्या केबलच्या आत काचेचे तंतू. यालाच ऑप्टिकल फायबर म्हणतात. एक तंतू किती जाड? बाहेरची काच एका मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे आपल्या जाडसर केसाएवढी. पण प्रकाश या सगळ्या जाडीतून जात नाही. अगदी मधोमध एक गाभा असतो, तो या जाडीच्याही चौदाव्या हिश्श्याएवढा. त्या गाभ्यातून प्रकाश पळतो. बाकीची काच त्याला बाहेर पडू न देण्यासाठी.

काचेतून जाणारा प्रकाश बाहेर का पडत नाही, हे घरी करून बघता येतं. काचेचा ग्लास पाण्याने भरा, डोळ्यांच्या वर धरा आणि खालून तिरकं वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. तो चांदीच्या पत्र्यासारखा चकाकतो, पलीकडचं दिसत नाही. प्रकाश पाण्यातून हवेत जायला निघाला आणि फार तिरका आला, तर तो बाहेर न पडता आतच परत फिरतो. फायबरमध्ये गाभ्याची काच आणि बाहेरची काच थोडी वेगळी बनवलेली असते, म्हणून प्रकाश प्रत्येक वेळी आत परततो आणि वळणावळणाने पुढे जात राहतो. जिनिव्हात डॅनियल कोलाडन यांनी १८४० च्या दशकातच पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला होता. लोकांनी तेव्हा ती गंमत म्हणून पाहिली.

या शास्त्राला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव दिलं ते आपल्याच देशातल्या माणसाने. नरिंदरसिंग कपानी, जन्म १९२६, पंजाबातलं मोगा. १९५४ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी आपले गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पाठवून दाखवलं. डॉक्टर पोटात नळी घालून आतलं बघतात ना, ती दुर्बीण या कामातून पुढे आली. भारत सरकारने त्यांना २०२१ मध्ये पद्मविभूषण दिलं, पण तेव्हा ते हयात नव्हते.

पोटापर्यंत ठीक, पण गावापर्यंत? अडचण काचेच्या मळाची होती. त्या काळच्या चांगल्यातल्या चांगल्या काचेतसुद्धा २० मीटरवर शंभरातला जेमतेम एक हिस्सा प्रकाश उरायचा. म्हणजे अंगणाच्या या टोकाचा दिवा त्या टोकाला विझल्यासारखा. १९६६ मध्ये चार्ल्स काव नावाच्या शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये हिशेब मांडून सांगितलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. काच पुरेशी शुद्ध केली तर एक किलोमीटरवरही शंभरातला एक हिस्सा प्रकाश उरेल आणि तेवढ्यावर टेलिफोन चालेल. काव यांना या कामाबद्दल २००९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी सांगितल्यावर चारच वर्षांत, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघा शास्त्रज्ञांनी तशी काच बनवली. आजच्या फायबरमध्ये एक किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव हिस्से प्रकाश उरतो आणि निम्मा व्हायला पंधरा किलोमीटर लागतात. गावातून तालुक्यापर्यंत वाटेत कुठेही वीज न लावता निरोप जातो, तो या शुद्ध काचेमुळे.

या गोष्टीत महाराष्ट्रही आहे. भारतात दोन टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी पहिली फायबर लाइन १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. आणि असे तंतू ओढण्याचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. काचेचा जाड दांडा सुमारे दोन हजार अंशांपर्यंत तापवतात आणि उंच मनोऱ्यावरून त्याची तार खाली ओढतात. पाकाची तार काढतो तसंच, पण ही तार किलोमीटरच्या किलोमीटर सारख्याच जाडीची यावी लागते.

फायबरमध्ये तांबं नसतं, हेही सांगून टाकते. पूर्वी टेलिफोनची तांब्याची तार चोरीला जायची. काचेला भंगारवाला एक रुपया देत नाही. पण चोराला ते केबल कापल्यावर कळतं, तोवर आपलं नेट गेलेलं असतं.

निरोप कसा जातो

फोटो असो, आवाज असो की पासबुकातली रक्कम, यंत्र त्याचं रूपांतर फक्त दोन खुणांत करतं: दिवा चालू, दिवा बंद. ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या लाइनवर हा दिवा सेकंदाला सुमारे अडीचशे कोटी वेळा उघडझाप करू शकतो. हा दिवा म्हणजे बारीकसा लेझर. त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच एक गोष्ट पोरांना बजावून सांगा: तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. अंधार दिसला म्हणजे प्रकाश नाही असं नाही. शिवाय तुटलेल्या काचेचा कण बोटात गेला तर काढणं जिकिरीचं होतं.

एकाच तंतूतून जाणं आणि येणं दोन्ही होतं. जाणारा निरोप एका ‘रंगात’ आणि येणारा दुसऱ्या, म्हणून टक्कर होत नाही. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या लाइनवर तर एका तंतूत असे ऐंशी-शंभर रंग एकाच वेळी पळतात. त्यामुळे जमिनीत एकदा केबल टाकली की ती पुन्हा खणावी लागत नाही. दोन्ही टोकांची यंत्रं बदलली की तीच काच कितीतरी पट जास्त माल वाहते. जगभर हे जाळं इतक्या झपाट्याने वाढलं त्याचं मोठं कारण हे आहे, असं मला वाटतं.

आता टॉवरचं. अनेक जणींना वाटतं मोबाईलचं नेट वर आकाशातून, उपग्रहातून येतं. तसं नाही. तुमच्या हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंत तेवढं हवेतून. टॉवरपासून पुढे एक तर जमिनीतलं फायबर, नाहीतर टॉवरवर ढोलासारखी पांढरी तबकडी दिसते तिच्यातून पुढच्या टॉवरला आणि तिथून फायबरला. शेवटी सगळं काचेतच येतं.

समुद्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत

हे जाळं धरणाच्या कालव्यासारखं समजा. मुख्य कालवा, त्याच्या शाखा, मग चाऱ्या, मग आपल्या वावरातला पाट.

मुख्य कालवा समुद्रातून येतो. समुद्राच्या तळाला टाकलेल्या फायबर केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. अटलांटिक महासागरातली पहिली फायबर केबल १९८८ ची, आणि १९९० च्या दशकात अशा केबल मुंबईला जोडल्या गेल्या. तळाला दर साठ ते शंभर किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा जोर देणारं यंत्र असतं. दुबईत कामाला गेलेल्या पोराचा व्हिडिओ कॉल लागतो तो या वाटेने.

किनाऱ्यापासून मोठी शहरं, शहरापासून जिल्हा, जिल्ह्यापासून तालुका, एवढं जाळं टेलिफोन कंपन्यांनी बऱ्याच आधी टाकलं होतं. तालुक्यापासून ग्रामपंचायत मात्र कोणी टाकेना. खेड्यात गिऱ्हाईक थोडं, खर्च तेवढाच. म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळालं. पैसा कुठून? टेलिफोन कंपन्यांच्या कमाईतून खेड्यांतल्या सेवेसाठी वेगळा काढलेला निधी आहे, त्यातून. म्हणजे तुम्ही-आम्ही जे रिचार्ज मारतो त्यातलाच थोडा वाटा फिरून गावाकडे यायचा आहे.

पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती २०१७ च्या अखेरीस जोडल्या गेल्या. ठरल्या मुदतीपेक्षा हे काम कितीतरी मागे पडलं होतं. दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्यात बरंच काम ‘महानेट’ या नावाने महाआयटी महामंडळाकडे आलं. प्रत्येक ग्रामपंचायतीला किमान १०० एमबीपीएसचा वेग द्यायचा, असं योजनेत ठरलेलं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, विचारायला उपयोगी पडतो.

पहिल्या टप्प्यातली रचना अशी होती: तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक मोठं यंत्र, त्यातून एक तंतू निघतो, वाटेत तो फाटे फोडणाऱ्या डबीत जातो आणि तिथून एकेका ग्रामपंचायतीला एकेक तंतू. या डबीला वीज लागत नाही. ती फक्त प्रकाश वाटते. पण पाटाचं पाणी दोन वावरांत सोडलं की प्रत्येकाला निम्मं मिळतं, तसंच इथेही होतं. जितके फाटे तितका प्रकाश कमी. त्यात लांबचं अंतर आणि गचाळ जोड असले तर शेवटच्या गावाची लाइन आधी दम सोडते.

एक वाट आणि दोन वाटा

पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की एकच रस्ता असलेलं गाव तुटतं. ज्याला दोन बाजूंनी रस्ता आहे ते तुटत नाही. फायबरचंही अगदी तसंच आहे. भारतनेटमध्ये बहुतेक ठिकाणी आधी एकच वाट टाकली गेली. मध्ये कुठे रस्ता रुंदीकरणाचा, पाणीपुरवठ्याचा जेसीबी लागला की पुढची सगळी गावं अंधारात. केबल साधारण दीड मीटरहून खोल असावी असा नियम, पण खडक लागला की कंत्राटदार काय करतो ते आपल्याला माहीत आहे.

हा धोका नुसता खेड्यालाच नाही. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं नेट कित्येक दिवस रडतखडत चाललं. तेव्हा दुसऱ्या वाटांनी माल वळवून काम भागवलं गेलं. गावाला मात्र वळवायला दुसरी वाटच नसते.

म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने सुधारित भारतनेट योजना मंजूर केली, १,३९,५७९ कोटी रुपयांची. तिच्यात मुख्य बदल हा की तालुका ते ग्रामपंचायत जोडणी गोलाकार करायची. बांगडीसारखी. एका जागी तुटली तरी निरोप उलट बाजूने फिरून पोहोचतो. शिवाय लाइन चालू ठेवण्याची जबाबदारी, म्हणजे देखभाल दुरुस्ती, दहा वर्षांसाठी कंत्राटातच धरली आहे. आधीच्या टप्प्यांत टाकण्यावर भर होता, सांभाळण्यावर नव्हता, आणि बंद पेट्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे.

तुटलेली जागा सापडते कशी, हेही मजेशीर आहे. कामगार एका टोकाला यंत्र लावतात. ते प्रकाशाचा एक ठिपका सोडतं. तुटलेल्या टोकावर आपटून तो परत येतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो. म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचा एक लाखावा भाग. परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र सांगतं, अमुक मीटरवर तुटलं आहे. मग तिथे खणतात आणि तंतू जोडतात. केबलमधल्या तंतूंना रंग असतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे ठरलेल्या क्रमाने बारा. निळ्याला निळा, हिरव्याला हिरवा. टोकं साफ करून यंत्रातल्या विजेच्या ठिणगीने काच वितळवून एकजीव करतात. ज्या बायकांचा हात शिलाईत, मण्यांच्या कामात बसला आहे, त्यांना हे काम जमणार नाही असं मला तरी दिसत नाही. सध्या ते पोरंच करतात.

पेटीवरचे दिवे वाचा

पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत गेलात की त्या पेटीजवळ थांबा. दिवे पाहिले की दोष कुठे आहे याचा अंदाज येतो.

पेटीवर एकही दिवा नाही, तर दोष विजेचा. बॅटरी संपली, वायर निघाली, किंवा कोणी मोबाईल चार्ज करायला तिचा प्लग काढला. हे शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं! पॉवरचा दिवा आहे, पण एल-ओ-एस ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिलेल्या जागी लाल दिवा लुकलुकतोय, तर प्रकाश पेटीपर्यंत येतच नाही. केबल तुटली आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा कोणी ती पिळून खिळ्याला बांधली आहे. फायबर फार वाकवलं की प्रकाश वळणावरच बाहेर पडतो. आणि पी-ओ-एन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर आहे, तरी नेट नाही, तर तालुक्यापर्यंतची वाट ठीक आहे. दोष पुढच्या यंत्रात, नाहीतर आपल्या राउटरमध्ये.

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर ‘बघतो’ एवढंच उत्तर येतं. ‘अमुक तारखेपासून एल-ओ-एस लाल आहे’ असं लेखी दिलं, तक्रार क्रमांक घेतला, दिव्याचा फोटो जोडला, की समोरच्याला माणूस पाठवावा लागतो. ग्रामसंघाच्या रजिस्टरमध्ये एक पान यासाठी ठेवा: कधी बंद झालं, कधी तक्रार दिली, कधी सुरू झालं. ग्रामसभेत हेच पान वाचून दाखवता येतं. सोबत हेही विचारा की पेटीच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते. अनेक गावांत पेटी कुलपात आणि कुलूपवाला तालुक्यात, अशी गत आहे.

अंगठा लावला आणि लाइन गेली

बीसी सखीकडे आजी अंगठा लावते. अंगठ्याची खूण तालुका, जिल्हा, मुंबई अशा वाटेने बँकेच्या आणि आधारच्या यंत्रांपर्यंत जाते आणि ‘होय’ हे उत्तर परत येतं. हजार किलोमीटर जायला प्रकाशाला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. चाक फिरत राहतं ते अंतरामुळे नाही. वाटेत गर्दी असते, कुठलं तरी यंत्र अडकतं किंवा लाइन तुटते.

वाईट प्रकार तो, ज्यात खात्यातून पैसे कटतात आणि ‘होय’ हे उत्तर परत येतानाच लाइन जाते. सखीच्या मशीनवर ‘अयशस्वी’ दिसतं, ती पैसे देऊ शकत नाही, आणि आजीला वाटतं हिनेच खाल्ले. यावरून गटांत भांडणं झाली आहेत, सखीने काम सोडल्याचंही आपण पाहिलं आहे. तर दोघींनी ध्यानात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे आधारच्या व्यवहारात असे कटलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे, तीही खातेदाराने न मागता. म्हणून अयशस्वी व्यवहाराचीही पावती मागा, ती नसेल तर तारीख, वेळ आणि रक्कम लिहून घ्या. पाच दिवसांनी पासबुक भरून घ्या. जमा नसेल तर ज्या बँकेत खातं आहे तिथे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी त्यांचा नंबर १४४४८.

घराघरापर्यंत

फायबर ग्रामपंचायतीत आलं म्हणजे घरात आलं असं होत नाही. तिथून शाळा, दवाखाना, अंगणवाडी आणि घरांना जोडणी द्यायला स्थानिक माणूस लागतो. भारतनेटमध्ये त्यासाठी गावपातळीवर उद्योजक नेमण्याची सोय आहे. तो जोडण्या देतो, किरकोळ दुरुस्ती करतो आणि दरमहाच्या बिलातला वाटा घेतो. गटांनी हा विचार करायला हरकत नाही. पण आधी हिशेब मांडा. गावात जोडणी घेणारी घरं किती, खांब आणि केबलचा खर्च कोणाचा, रात्री लाइन गेली तर जाणार कोण, आणि मुख्य म्हणजे ग्रामपंचायतीपर्यंतची लाइन महिन्यातले किती दिवस चालू असते. वर सांगितलेलं रजिस्टरचं पान इथे कामाला येतं. महिन्यात दहा दिवस लाल दिवा असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्यात पैसे देणार नाही, आणि कर्ज मात्र गटाच्या नावावर राहील.

आणखी एक काम लगेच करण्यासारखं. गावात पाइपलाइन, गटार किंवा रस्त्यासाठी खोदकाम निघालं की खणण्याआधी खाली काय आहे ते कळवण्या-विचारण्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं मोबाईल ॲप मार्च २०२३ पासून आहे. कंत्राटदाराने त्यावर नोंद केली का, हे जेसीबी सुरू व्हायच्या आधी ग्रामसेवकांना विचारा.